वर्ध्याचा क्रांतिकारक, चापिंगोचा मक्याचा मास्तर

मेक्सिको सिटीच्या पूर्वेला तेशकोको गावाजवळ चापिंगो नावाचे एक विद्यापीठ आहे. तेथे शेती, वनशास्त्र, मृदाशास्त्र, जलसिंचन आणि पशुसंवर्धन शिकवले जाते. गरीब शेतकरी कुटुंबांतल्या मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय करून त्यांना कृषी अभियंता करण्याची तेथे जुनी परंपरा आहे. सप्टेंबर २०२२मध्ये या विद्यापीठाच्या आवारात एका मराठी माणसाचा पुतळा उभा राहिला. लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी त्याचे अनावरण केले. हा पुतळा डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा. गदर चळवळीतले क्रांतिकारक म्हणून महाराष्ट्राला ते थोडेफार ठाऊक आहेत. मेक्सिकोत मात्र त्यांची ओळख आहे ती मका आणि गव्हावर काम करणारे, शेतकऱ्यांसाठी शाळा काढणारे शिक्षक म्हणून.

दुष्काळी प्रांतातला मुलगा

खानखोजे यांचा जन्म १८८०च्या दशकातला, वर्ध्याचा. शिक्षण वर्धा आणि नागपूर येथे झाले. ते शाळकरी वयात असताना मध्य प्रांतावर पाठोपाठ दोन मोठे दुष्काळ कोसळले, १८९६-९७चा आणि १८९९-१९००चा. त्या काळात वऱ्हाड-नागपूरचा कापूस आगगाडीने मुंबईला आणि तेथून जहाजाने परदेशी जात होता. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात मात्र ज्वारीची ददात होती. पीक बुडाले तरी सारा भरावाच लागे, आणि सावकाराचे व्याजही थांबत नसे. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेल्या त्या पिढीतल्या अनेक तरुणांना परकी सत्ता आणि उपासमार या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नव्हत्या.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खानखोजे देश सोडून जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. मनात दोन हेतू होते. एक लष्करी शिक्षण घेण्याचा आणि दुसरा शेतीशास्त्र शिकण्याचा. कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाइस येथील लष्करी शाळेत त्यांनी पहिला हेतू साधला. दुसऱ्यासाठी ते ओरेगन राज्याच्या कृषी महाविद्यालयात आणि पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन येथील स्टेट कॉलेजात गेले. १९१३मध्ये तेथे त्यांनी एम. एस. ही पदवी मिळवली.

कॉलेज शेतकऱ्याच्या बांधावर

या महाविद्यालयांचा घाट समजून घेतला, तर खानखोजे यांच्या पुढच्या कामाचा अर्थ नीट लागतो. १८६२मध्ये अमेरिकी काँग्रेसने मॉरिल कायदा केला. प्रत्येक राज्याला त्याच्या लोकप्रतिनिधींच्या संख्येनुसार, दर प्रतिनिधीमागे ३० हजार एकर सरकारी जमीन मिळाली. ती विकून येणाऱ्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी करायची होती. १८८७च्या हॅच कायद्याने या महाविद्यालयांना प्रयोगक्षेत्रे जोडली आणि १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने गावोगावी जाऊन शेतकऱ्यांना शिकवणारी विस्तार सेवा दिली. शिकवणे, संशोधन करणे आणि ते ज्ञान शेतावर पोहोचवणे ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करायची, अशी ती रचना होती. आज आपली कृषी विद्यापीठे याच धर्तीवर चालतात.

पुलमन हे तर गव्हाच्या टेकड्यांचे गाव. खानखोजे तेथे पोहोचण्याच्या सुमारे दशकभर आधी विल्यम स्पिलमन या प्राध्यापकाने तेथल्याच शेतात गव्हाचे संकर करून पाहिले होते. दुसऱ्या पिढीत आई-बापांचे गुण ठरावीक प्रमाणात वेगळे होऊन दिसतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मेंडेलच्या विस्मृतीत गेलेल्या नियमांपर्यंत ते स्वतंत्रपणे पोहोचले होते. आनुवंशशास्त्र तेव्हा नुकते बाळसे धरत होते आणि ते प्रयोगशाळेइतकेच शेतातही वाढत होते. विदर्भातल्या या तरुणाला आधुनिक बीजशास्त्राची दीक्षा मिळाली ती अशा ठिकाणी.

दरम्यान भारतातही हालचाल सुरू झाली होती. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६मध्ये सुरू झाले. शांतपणे शिकून परत आले असते, तर खानखोजे यांना अशा एखाद्या संस्थेत नोकरी मिळणे अवघड नव्हते. पण त्यांनी वेगळीच वाट धरली होती.

युद्ध, पराभव आणि बंद झालेली दारे

ओरेगनच्या लाकूड गिरण्यांत शेकडो पंजाबी मजूर काम करत होते. वर्णद्वेषाचे चटके सोसणाऱ्या या मजुरांमध्ये पंडित काशीराम यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर खानखोजे यांनी स्वातंत्र्याची संघटना बांधली. त्यातूनच पुढे गदर पक्ष उभा राहिला. नोव्हेंबर १९१३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'गदर' हे वृत्तपत्र सुरू झाले. १९१४मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटिश साम्राज्यावर आतून-बाहेरून घाव घालण्याची हीच वेळ आहे, असे या मंडळींनी ठरवले. काही जण भारतात परतले. त्यांपैकी तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे यांना करतारसिंग सराभा यांच्यासह नोव्हेंबर १९१५मध्ये लाहोरला फाशी झाली.

खानखोजे यांनी तुर्कस्तानमार्गे इराण गाठले. तेथील टोळ्यांना साथीला घेऊन ब्रिटिशांशी लढण्याची ती योजना होती. प्रत्यक्ष लढाया झाल्या, पण महायुद्धाचा निकाल ब्रिटिशांच्या बाजूने लागला आणि ती आघाडी कोसळली. पुढे ते बर्लिनला पोहोचले. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासह १९२१मध्ये ते मॉस्कोलाही जाऊन आले. भारतीय स्वातंत्र्यासाठी परकी मदत मिळवण्याचे हे प्रयत्नही फळले नाहीत.

भारतात पाऊल ठेवले असते तर अटक ठरलेली होती. मायदेश नाही, सैन्य नाही, पैसा नाही. चाळिशीला आलेल्या या माणसाजवळ उरले होते ते कृषी महाविद्यालयात मिळवलेले ज्ञान. १९२४मध्ये ते मेक्सिकोला गेले.

जमीन मिळाली, पुढे काय?

मेक्सिको तेव्हा नुकताच आपल्या क्रांतीतून बाहेर पडत होता. १९१० ते १९२० या दशकात तेथे मोठा रक्तपात झाला होता. एमिलियानो झपाता यांच्या मागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांची मागणी एकच होती, जमिनीची. मोठमोठ्या जहागिरी, ज्यांना तेथे हासिएंदा म्हणतात, गावांच्या सामायिक जमिनी गिळून बसल्या होत्या. १९१७च्या राज्यघटनेच्या २७व्या कलमाने जमीन परत देण्याचा मार्ग मोकळा केला. लासारो कार्देनास यांच्या १९३४ ते १९४०च्या कारकिर्दीत तर सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन वाटली गेली.

खानखोजे ज्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, ते अशाच एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात भरत होते. हे विद्यालय १८५४मध्ये मेक्सिको सिटीजवळच्या सान हासिंतो येथे सुरू झाले होते. १९२४मध्ये ते चापिंगोला हलवले गेले. त्याच सुमारास चित्रकार दिएगो रिव्हेरा विद्यालयाच्या भिंती रंगवू लागले. वाड्याच्या जुन्या प्रार्थनाघरात त्यांनी माती, बीज, पाणी आणि क्रांती यांची चित्रमालिका रंगवली. त्यातल्या एका चित्रात झपाता जमिनीखाली चिरनिद्रा घेत आहेत आणि वर मक्याचे शेत डोलते आहे.

जमीन मिळाल्याने पोट आपोआप भरत नाही, हे मात्र लवकरच दिसू लागले. पिढ्यान्‌पिढ्या जहागिरीत राबलेल्या मजुराच्या हाती चार एकर आले, पण बी जुने, बैल नाहीत, कर्ज नाही, आणि रोग पडला तर सांगणारे कोणी नाही. चापिंगोत खानखोजे यांच्यासमोर प्रश्न होता तो हा.

मक्याचे कोडे

मेक्सिकोत मका हे केवळ एक पीक नव्हे. मक्याचे जन्मस्थानच तेथले. सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी नैऋत्य मेक्सिकोत बाल्सास नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून मका घडवला. तेओसिंतेचे कणीस बोटाएवढे असते आणि त्यात कठीण कवचातले जेमतेम पाच-बारा दाणे असतात. त्यापासून शेकडो दाण्यांचे कणीस तयार होण्यामागे हजारो पिढ्यांची निवड आहे. आजही मेक्सिकोत मक्याचे सुमारे साठ देशी वंश पिकतात. कोणी उंच डोंगरावरच्या थंडीला टिकते, कोणी किनाऱ्याच्या दमट उष्णतेला.

या पिकाची सुधारणा करणे अवघड आहे, आणि त्याचे कारण त्याच्या फुलोऱ्यात दडलेले आहे. नर फुले वरच्या तुऱ्यात, तर मादी फुले खाली कणसात असतात. कणसातून बाहेर डोकावणारा प्रत्येक रेशमी धागा एका होऊ घातलेल्या दाण्याचा असतो. वाऱ्याबरोबर आलेला पराग त्या धाग्यावर पडला की दाणा भरतो. पण तो पराग कोणत्या झाडाचा, हे शेतकऱ्याला कळत नाही. म्हणून उत्तम कणीस निवडून त्याचे बी पेरले, तरी पुढचे पीक तसेच येईल याची खात्री नसते. गव्हाचे तसे नाही. त्याचे परागीभवन बहुधा त्याच फुलात होते आणि वाण शुद्ध राहतो.

१९०८च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज शल आणि एडवर्ड ईस्ट यांनी या कोड्याची एक बाजू उलगडली. मक्याचे स्वपरागीभवन करत गेले तर झाडे खुरटतात, पण अशा दोन खुरटलेल्या शुद्ध वाणांचा संकर केला की पुढची पिढी जोमदार येते. हाच संकराचा जोम. मात्र संकरित पिकाचे बी पुन्हा पेरले की तो जोम ओसरतो, म्हणजे शेतकऱ्याला दरवर्षी बी विकत घ्यावे लागते. अमेरिकेतल्या सधन शेतकऱ्याला ते परवडले. मेक्सिकोतल्या चार एकरवाल्याला परवडणारे नव्हते.

म्हणून चापिंगोत खानखोजे यांनी मक्याच्या देशी वाणांकडे आणि त्यांच्या रानटी नातेवाइकाकडे, म्हणजे तेओसिंतेकडे, लक्ष वळवले. मका आणि तेओसिंते यांच्या संकराचा त्यांनी अभ्यास केला, निवड पद्धतीने वाण तयार केले. त्यांच्या एका वाणाचे नाव 'माईस ग्रानादा' म्हणजे डाळिंबी मका असे होते. त्याचे दाणे नेहमीच्या ओळींत न बसता डाळिंबाच्या दाण्यांसारखे गुच्छाने येत. इटालियन छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी त्यांच्या मक्याची छायाचित्रे काढली. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही चित्र पाहून वाण ओळखता यावा, यासाठी अशी छायाचित्रे फार मोलाची होती. मक्याबरोबरच गव्हावरही त्यांनी काम केले.

भाकरी आणि चुना

मका हे आरोग्याच्या दृष्टीनेही विचार करायला लावणारे धान्य आहे. त्यात नायसिन हे ब गटातले जीवनसत्त्व असते, पण बद्ध स्वरूपात, त्यामुळे ते शरीराला फारसे मिळत नाही. केवळ मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा होतो. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते व सोलते, जुलाब लागतात, पुढे बुद्धिभ्रंश होतो आणि उपचार न झाल्यास मृत्यू येतो. मका युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिणेत गेला तेव्हा तेथल्या गरिबांना या रोगाने ग्रासले.

मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांत मात्र हा रोग क्वचितच दिसे. कारण त्यांच्या स्वयंपाकघरात होते. तेथे मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन पाट्यावर वाटतात आणि त्या पिठाची तोर्तिया थापतात. दिसायला ती आपल्या भाकरीची धाकटी बहीणच. चुन्यामुळे बद्ध नायसिन मोकळे होते आणि भाकरीत कॅल्शियमही उतरते. शिवाय त्यांच्या शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरला जातो. या पद्धतीला मिल्पा म्हणतात. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, भोपळ्याची पाने तण दाबून ओल धरतात. ताटातही घेवड्यातले लायसिन मक्याच्या प्रथिनातली उणीव भरून काढते. ज्वारीत तुरीचे पाटे टाकणाऱ्या आणि भाकरीबरोबर वरण खाणाऱ्या विदर्भातल्या माणसाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही.

पेलाग्राचा धडा पुढे भारतातही उपयोगी पडला. दख्खनमध्ये मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये हा रोग का दिसतो, याचा शोध हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास घेतला. पीक सुधारताना पोत्यांची संख्या आणि ताटातले अन्न, दोन्ही पाहावे लागते, हे या साऱ्या इतिहासाने दाखवले आहे.

झाडाखालची शाळा

खानखोजे यांचे मेक्सिकोतले सर्वांत मोठे काम वाणांचे की शाळांचे, असे विचारले तर शाळांचे, असेच उत्तर द्यावे लागेल. चापिंगोत शिकलेला अभियंता बहुधा सरकारी खात्यात जाई. ज्याने जमीन कसायची तो शेतकरी विद्यालयाच्या फाटकाच्या आत येतच नव्हता. १९२०च्या दशकाच्या अखेरीस खानखोजे यांनी शेतकरी संघटनांच्या मदतीने मुक्त कृषी शाळा सुरू केल्या. त्यांपैकी एकीला झपाता यांचे नाव होते. येथे फी नव्हती, प्रवेशपरीक्षा नव्हती. बी कसे निवडावे, जमिनीचा कस कसा टिकवावा, कीड कशी ओळखावी, हे प्रत्यक्ष शेतात शिकवले जाई. त्याबरोबर लिहिणे-वाचणे आणि एकत्र येऊन हक्क मागणेही.

ओरेगन आणि पुलमनमध्ये पाहिलेली विस्तार सेवा आणि गदरच्या दिवसांत मजुरांमध्ये केलेली संघटना, दोन्ही अनुभव या शाळांत एकत्र आले. चित्रकार रिव्हेरा यांच्याशी त्यांची मैत्री याच काळात जमली. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेरांनी काढलेले 'आमची भाकरी' हे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात जेवणाच्या मेजाच्या मध्यभागी बसून भाकरी मोडणाऱ्या माणसाचा चेहरा खानखोजे यांचा म्हणून ओळखला जातो.

हे दिवस फार काळ टिकले नाहीत. मेक्सिकोचे राजकारण उजवीकडे झुकले, १९३०मध्ये मोदोत्तींना देशाबाहेर काढण्यात आले आणि या चळवळीची हवा विरली. खानखोजे संशोधनात आणि अध्यापनात राहिले. १९३६मध्ये त्यांनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. त्यांनी मेक्सिकोचे नागरिकत्वही घेतले होते. ज्या देशासाठी सारे सोडले, त्याचे नागरिक म्हणवून घेण्याची सोय पारतंत्र्याने ठेवली नव्हती.

परतीचा प्रवास

१९४९मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावले आणि चार दशकांनंतर खानखोजे आपल्या प्रांतात आले. तरुणपणी पाहिलेली शेती त्यांच्यासमोर होती. पाऊस तोच, काळी जमीन तीच, कर्जही तेच. शेतीसुधारणेच्या सूचना देऊन ते मेक्सिकोला गेले आणि १९५०च्या दशकात कायमचे नागपूरला परतले. पण एवढ्या वर्षांत येथील संस्था, त्यांचे अधिकारी आणि त्यांची कामाची रीत पक्की झाली होती. मेक्सिकोत जे अनुभवले, ते विदर्भात उभे करण्याइतके अधिकार, मनुष्यबळ आणि आयुष्य आता त्यांच्या हाती नव्हते.

मेक्सिकोत मात्र चापिंगोची माती कामाला लागली होती. १९४३मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि मेक्सिको सरकार यांचा कृषी संशोधन कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी नॉर्मन बोरलॉग त्यात दाखल झाले. चापिंगोच्या प्रयोगक्षेत्रात आणि सोनोराच्या वाळवंटी प्रदेशात आलटून-पालटून पिके घेऊन त्यांनी तांबेरा न पडणारे आणि पुढे बुटके, न लोळणारे गहू तयार केले. हे वाण खानखोजे यांचे नव्हते. या नव्या शेतीला पाणी, रासायनिक खते आणि पैसा लागत होता, आणि खानखोजे यांच्या शाळांतला शेतकरी नेमका त्याच बाबतीत उणा होता. सुधारलेले बी आधी कोणाच्या हाती पडते, हा त्यांचा जुना प्रश्न हरितक्रांतीनंतर अधिकच टोकदार झाला. कोरडवाहू विदर्भात तो आजही मिटलेला नाही.

१९६६मध्ये भारताने मेक्सिकोहून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले. त्या हिवाळ्यात उत्तर भारतातल्या शेतांत मेक्सिकोचा गहू ओंबीवर येत असताना, जानेवारी १९६७मध्ये खानखोजे यांचे नागपुरात निधन झाले. चापिंगोचे कृषी विद्यालय पुढे स्वायत्त विद्यापीठ झाले. गरिबाघरची मुले तेथे अजूनही मका, माती आणि जंगल शिकतात.